झाकावे, पण कोंडू नये

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी अमेरिकेतील मिशिगन राज्यात माझ्या थोरल्या बहिणीकडे होते. एके सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीपाशी उभी राहिले आणि समोरचे दृश्य पाहून कप तसाच खाली ठेवला. ७४ वर्षांचे भाऊजी शिडीच्या वरच्या पायरीवर उभे होते. डाव्या काखेत निळ्या ताडपत्रीची गुंडाळी होती आणि उजव्या हाताने ते आपल्या मोटरहोमच्या छपराचा कठडा गाठू पाहत होते. शिडी धरायला खाली कोणी नव्हते. त्यांच्या डोळ्यांवर दुहेरी काचांचा चष्मा होता, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी ते रोज घेतात, हे मला ठाऊक होते.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे लहानसे घर. त्यात झोपायला गादी, स्वयंपाकाचा ओटा, छोटे न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या आणि गॅसच्या नळकांड्या असे सगळे असते. निवृत्तीनंतर ताई-भाऊजींनी ही गाडी जुनीच, पण हौसेने घेतली. मे ते सप्टेंबर ती त्यांना सरोवरांच्या काठी, रानावनांत घेऊन जाते आणि उरलेले सहा-सात महिने घराशेजारी उभी असते. प्रवासात गाडीची काळजी सगळेच घेतात. मात्र गाडीचे खरे नुकसान ती उभी असताना होते, आणि त्याबरोबर माणसांचेही होऊ शकते, हे त्या घराला आधीच्या वर्षी कळून चुकले होते.

त्या वर्षी भाऊजींनी गाडीवर ताडपत्री टाकली, दोऱ्यांनी ती गच्च आवळली, खिडक्या आणि झरोके घट्ट बंद केले आणि कपाटांत डांबरगोळ्या ठेवल्या. गावाकडच्या घरी आपण ट्रंकेत ठेवतो, तशाच. एप्रिलमध्ये दार उघडले तेव्हा आतून कुबट आणि डांबरगोळ्यांचा असा मिश्र भपकारा आला. गाद्यांच्या खालच्या अंगाला काळपट ठिपके धरले होते आणि ओट्याखालच्या खणात उंदराच्या लेंड्या होत्या. ताईने कंबर कसली आणि झाडू घेऊन सकाळभर सफाई केली. तिला दम्याचा जुना त्रास. रात्री धाप लागली ती थांबेना, आणि दोन दिवस इस्पितळात काढावे लागले. तेव्हापासून माझ्या भाचीचा एकच धोशा होता, “बाबा, ही गाडी विकून टाका.” भाऊजी यावर काही बोलत नसत. उत्तर न देता ते उठून बाहेर जात.

या सदरात मोटारगाडीचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत, आणि त्यांच्याकडे गेलेले आजी-आजोबा अशा गाड्यांतून प्रवास करतात, त्यांच्या आवराआवरीला हातही लावतात. शिवाय दीर्घकाळ बंद राहिलेली कोणतीही जागा, मग ती गाडी असो वा घर, पुन्हा उघडताना सर्वाधिक त्रास घरातल्या वृद्धांना आणि श्वासाच्या रुग्णांना होतो. म्हणून ताईकडे जे शिकायला मिळाले ते येथे मांडत आहे.

आच्छादन कसे असावे

भाऊजींचे बालपण हर्णैला गेले. त्या सकाळी त्यांना शिडीवरून उतरवून आत आणले आणि चहा घेताना मी सहज विचारले, “भाऊजी, पावसाळ्याआधी किनाऱ्यावर होड्या कशा झाकत असत हो?” ते म्हणाले, “ओढून वर घ्यायच्या, खाली ओंडके द्यायचे आणि नारळाच्या झावळ्यांनी शाकारायच्या.” मग क्षणभर थांबून स्वतःच पुढे म्हणाले, “झावळ्यांतून वारा जातो. पाणी तेवढे घरंगळून पडते.”

सगळे मर्म यातच आहे. वरून पाणी येऊ नये आणि आतली ओल बाहेर पडावी, अशी दोन्ही कामे आच्छादनाला करावी लागतात. साध्या प्लास्टिकच्या ताडपत्रीतून हवा जात नाही. दिवसा ऊन पडले की आतली हवा तापते, रात्री पत्रा गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते. ती ओल मग गाद्या, पडदे आणि लाकूड शोषून घेतात. शिवाय वाऱ्याने ताडपत्री फडफडते आणि तिच्या कडा गाडीचा रंग घासून काढतात.

म्हणून वाफ बाहेर जाऊ देणारे, गाडीच्या मापाचे कापडी आच्छादन घ्यावे. ते घालण्यापूर्वी गाडी धुऊन पूर्ण वाळू द्यावी, कारण ओल्या गाडीवरचे आच्छादन ओलच कोंडते. छपरावरील सांधे, झरोक्यांच्या कडा आणि दिव्यांभोवतालचा लेप यांना भेगा पडल्या आहेत का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे आणि भेगा बुजवून घ्याव्यात. छपरातून झिरपलेले थेंबभर पाणी भिंतीच्या आतल्या लाकडापर्यंत पोहोचते आणि महिनोन्‌महिने कोणाला दिसत नाही. पन्हळीच्या टोकांसारख्या अणकुचीदार जागांवर जुन्या कापडाच्या घड्या बांधाव्यात, म्हणजे आच्छादन फाटणार नाही.

पाणी बाहेर, हवा आत

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. नळीत राहिलेले ओंजळभर पाणीसुद्धा मिशिगनच्या थंडीत नळी, पंप वा तोटी फोडू शकते. ही फूट त्या वेळी कळत नाही. वसंतात पाणी सोडल्यावर ते भिंतीच्या आत झिरपते आणि तेथे बुरशीला घर मिळते.

म्हणून गोठण्याची पहिली रात्र येण्यापूर्वी पिण्याच्या पाण्याची आणि सांडपाण्याची, अशा सर्व टाक्या रिकाम्या कराव्यात. पाणी तापवण्याचा बंब आधी बंद करून पूर्ण निवू द्यावा, त्यातील दाब मोकळा करावा आणि मगच त्याचे बूच उघडावे. गरम बंबाचे बूच उघडल्यास हात-तोंड भाजते. बंबाला वगळून जाणारा पाण्याचा मार्ग चालू केल्यावर नळ्यांत गुलाबी रंगाचे, मोटरहोमसाठी बनवलेले अँटिफ्रीझ पंपाने सोडतात. एकेक नळ उघडायचा, गुलाबी धार आली की बंद करायचा. मोऱ्यांच्या वाकड्या नळ्यांत आणि शौचकूपातही थोडे ओतायचे.

येथे एक इशारा महत्त्वाचा आहे. मोटारीच्या इंजिनात घालतात ते अँटिफ्रीझ बहुधा इथिलीन ग्लायकॉलचे असते. ते चवीला गोडसर आणि पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी करू शकणारे विष आहे. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत ते कधीही घालू नये. प्रॉपिलीन ग्लायकॉलचे, पिण्याच्या पाण्याच्या व्यवस्थेसाठी चालते असे स्पष्ट लिहिलेलेच वापरावे. ज्यांची नजर अधू आहे त्यांनी डब्यावरचा मजकूर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा आणि कोणताही द्रव पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नये.

पाणी काढल्यावर राहते ती हवेतली ओल. आतल्या हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमल्यास ३० ते ५० टक्क्यांत राहिली, तर बुरशी सहसा धरत नाही. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र स्वस्तात मिळते. गाद्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवाव्यात, कपाटांची दारे आणि खण उघडे ठेवावेत, फ्रिज कोरडा पुसून त्याचे दार फटीपुरते अडकवून ठेवावे. कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे ठेवले तर ते पाण्याने भरतात, म्हणून महिन्यातून एकदा ते पाहून रिकामे करावेत. छपराच्या झरोक्यावर पावसापासून आडोसा देणारी टोपी बसवली, की झरोका किंचित उघडा ठेवता येतो.

डांबरगोळ्या मात्र ठेवू नयेत. नॅफ्थलीनची वाफ बंद जागेत साठते. तिने डोके दुखते, मळमळते, आणि ज्यांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता आहे अशांच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. दम्याच्या रुग्णालाही असे उग्र वास सोसत नाहीत. उंदरांवर तर या गोळ्यांचा भरवसा धरता येत नाहीच.

औषधे गाडीत राहू देऊ नका

गाडी बंद करताना धान्य, मसाले, बिस्किटे आपण आठवणीने काढतो, पण औषधांचा डबा विसरतो. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्ववत दिसले तरी टाकून द्यावे लागते. श्वासाच्या पंपाचा फवारा थंडीत नीट उडत नाही. साखर तपासण्याच्या पट्ट्या, डोळ्यांचे थेंब, पातळ औषधे, रक्तदाबाचे यंत्र आणि श्रवणयंत्राचे सेल यांनाही कडाक्याची थंडी वा उन्हाची धग सोसत नाही. ‘गाडीतला डबा घरात आणला’ ही नोंद यादीत पहिली असावी.

उंदीर

उंदराला शिरायला सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते. नळ्या आणि तारा जेथून आत येतात त्या भोकांत पोलादी तारेचा लोकरीसारखा गुंता दाबून बसवावा. कापूस वा कापडाचे बोळे उंदीर कुरतडून काढतो. अन्नाचा कणही आत ठेवू नये, पलंगाखालच्या खणातला लाह्यांचा पुडासुद्धा नाही.

आणि तरीही एप्रिलमध्ये लेंड्या दिसल्या, तर झाडू वा व्हॅक्यूम लावू नये. ताईची चूक हीच झाली. उत्तर अमेरिकेत काही रानउंदरांच्या लघवी-विष्ठेतून हंटाव्हायरस पसरतो. सुकलेली धूळ हवेत उडाली की तो श्वासावाटे शरीरात जातो. हा आजार विरळा, पण झाला तर फुप्फुसांवर जिवावर बेतणारा. म्हणून आधी दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावे. रबरी हातमोजे घालावेत. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे ताजे द्रावण लेंड्यांवर चांगले भिजेल इतके शिंपडावे, पाच मिनिटे थांबावे, कागदी रुमालांनी टिपून पिशवीत बांधून टाकावे आणि हात साबणाने धुवावेत. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा शौचकूप साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव्य कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतात. ज्यांना दमा आहे, ज्यांची फुप्फुसे अधू आहेत किंवा ज्यांची रोगप्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे, त्यांनी हे काम मुखपट्टी लावूनही करू नये. ते दुसऱ्यानेच करावे.

बॅटरी, गॅस आणि टायर

पूर्ण चार्ज केलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. उतरलेली बॅटरी मात्र शून्याखाली काही अंशांतच गोठून फुटू शकते. म्हणून ती चार्ज करून, तारा सोडवून हवेशीर कोरड्या जागी ठेवावी. तिचे वजन सहज २० किलोच्या पुढे असते. अस्थिविरळता असलेल्यांनी ती उचलू नये, कारण वाकून उचललेल्या एका ओझ्याने कण्याचा मणका दबू शकतो.

गॅसच्या नळकांड्यांच्या चाव्या बंद कराव्यात. काढून ठेवायच्या झाल्यास त्या बाहेर, मोकळ्या हवेत, उभ्या ठेवाव्यात. घरात वा गॅरेजमध्ये आणू नयेत. ‘बॅटरी चार्ज होऊ दे’ म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवणे हा तर जीवघेणा प्रकार. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोके जड होणे, भोवळ, मळमळ ही लक्षणे वृद्ध माणूस वयावर ढकलतो आणि तेथेच घात होतो.

टायरांत कंपनीने सांगितलेला दाब भरावा, खाली फळ्या द्याव्यात आणि उन्हापासून ते झाकावेत. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजलेले दिसत नाहीत, तरी त्यांचे रबर वयाने चिरत जाते. टायरच्या कडेवर अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. सहा वर्षे उलटली की दर वर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत.

शिडीवर कोणी चढायचे

आता पुन्हा त्या सकाळकडे येते. अशा गाडीचे छप्पर जमिनीपासून तीन मीटरहून अधिक उंच असते. दुहेरी काचांच्या चष्म्यातून खाली पाहिले तर पायरी अस्पष्ट दिसते. मान मागे टाकून वर पाहिले की अनेकांना भोवळ येते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे वाकून एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि गाडीखालच्या तोट्या उघडताना नेमके तेच करावे लागते. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले आणि त्याला बरे वाटत असले तरी त्याच दिवशी विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. कवटीच्या आत रक्तस्राव हळूहळू होत राहतो.

हे सगळे मी भाऊजींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आता मी खुर्चीत बसून पाहायचे!” त्या एका वाक्यात त्यांचे सगळे दुःख आले. चाळीस वर्षे कारखान्यात यंत्रे सांभाळलेला माणूस तो. गाडी विकण्याच्या गोष्टीने ते का गप्प होत, हे मला त्या क्षणी उमगले. गाडीपेक्षाही ‘मला हे येते’ ही जाणीव हातून जाण्याची त्यांना धास्ती होती.

संध्याकाळी भाची आणि जावई आले. आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो आणि कामांचे दोन भाग केले. पाय जमिनीवर ठेवून, बसून वा उभ्याने होणारी कामे भाऊजींची: पंप चालवणे, एकेक नळ तपासणे, टायरांचा दाब मोजणे, ओल शोषणारे डबे पाहणे, सगळ्याची वही ठेवणे. शिडी, छप्पर, आच्छादन ओढणे, बॅटरी उचलणे ही कामे जावयाची. खाली रांगून तोट्या उघडणे भाचीचे. आतली सफाई ताईने करायची नाही. हिवाळ्यात छपरावर बर्फ साठला तरी भाऊजींनी फावडे हाती घ्यायचे नाही. कडाक्याच्या थंडीत बर्फ उपसण्याचा ताण हृदयावर किती पडतो, हे तेथील डॉक्टर दर वर्षी सांगतात. आणि अमुक कामाला अमुक माणूस हजर नसेल, तर ते काम त्या दिवशी होणार नाही, असे ठरले.

भाची आधी म्हणाली, “त्यापेक्षा माणूस लावून सगळेच करून घेऊ.” मी तिला होड्यांची गोष्ट सांगितली. ज्याला जपायचे त्याला चहूबाजूंनी आवळून टाकले तर तो आतून कुबटतो. आई-वडिलांच्या काळजीपोटी आपण त्यांच्या हातून एकेक काम काढून घेतो, आणि वर्षभरात त्यांचे हात खरोखरच थरथरू लागतात. धोक्याचे तेवढे काढावे, बाकीचे त्यांच्याकडे राहू द्यावे. भाची काही बोलली नाही, पण कागदावर भाऊजींच्या नावापुढे तिने स्वतःच्या अक्षरात आणखी एक काम लिहिले: ‘देखरेख’.

आपल्याकडे काय करावे

आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाळा आहे. मुलांकडे पाच-सहा महिने राहायला जाताना आपली मोटार सोसायटीच्या आवारात उभी असते, आणि तिच्यावरही बहुधा प्लास्टिकच घातलेले असते. तिलाही हाच नियम. आतले पायपुसणे उचलून कोरडे करावे, खाण्याचे काही ठेवू नये, वाफ जाऊ देणारे आच्छादन घालावे, आणि विश्वासाच्या माणसाने दर पंधरवड्याला आच्छादन काढून, दारे उघडून, उघड्या जागी गाडी थोडी फिरवावी. आपल्याकडे उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून पायांना जखम असेल तर गाडीभोवती साचलेल्या पाण्यात उतरू नये. परत आल्यावर लगेच काचा लावून गाडीत बसू नये. दारे उघडून अर्धा तास वारा खेळू द्यावा, मगच आत बसावे.

यंदा एप्रिलमध्ये ताईचा फोन आला. दारे-खिडक्या उघडून अर्धा तास सगळे अंगणात थांबले होते. जावयाने आत जाऊन पाहिले, तेव्हा लेंड्या नव्हत्या आणि आर्द्रतेचे यंत्र ४५ दाखवत होते. मग भाऊजींनी वही उघडून एकेक ओळ वाचली: नळ्या साध्या पाण्याने धुवायच्या. बंब पुन्हा पाण्याच्या मार्गात घ्यायचा. पाण्याची टाकी निर्जंतुक करण्यासाठी साधारण १५ गॅलनला, म्हणजे ५७ लिटरला, पाव कप बिनवासाचे ब्लीच घालायचे, ते सगळ्या नळांतून फिरवून काही तास ठेवायचे, आणि वास जाईपर्यंत पुन्हा धुवायचे. गॅसची गळती जाणकाराकडून तपासायची. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी यंत्रे वाजवून पाहायची, त्यांवरची मुदतीची तारीख वाचायची.

सगळे झाल्यावर शेवटी ताई आत जाऊन बसली. मी विचारले, “वास?” ती म्हणाली, “काही नाही गं. जरा लाकडाचा, एवढाच.” मागून भाऊजींचा आवाज आला. ते भाचीला विचारत होते, ऑक्टोबरचा कोणता शनिवार जावईबापूंना मोकळा आहे.

आपल्याही घरी असे बंद करायचे आणि उघडायचे काही ना काही असतेच. त्याची यादी आजच करा, आणि प्रत्येक कामापुढे ते कोणी करायचे हेही लिहून ठेवा. ती यादी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती द्या.